लिटल कॉटनवुडच्या दरीतील खडक आणि बर्फ

अमेरिकेच्या युटा राज्याची राजधानी असलेले सॉल्ट लेक सिटी हे शहर वॉसॅच पर्वतरांगेच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहे. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर, आणि पूर्वेकडचा डोंगर तिथून थेट 3,300 मीटरच्या पुढे चढत जातो. या डोंगराला चिरून शहराकडे उतरणाऱ्या ज्या अनेक दऱ्या आहेत, त्यांतील लिटल कॉटनवुड कॅनियन ही शहराच्या आग्नेयेस आहे. मुखापासून माथ्याजवळच्या आल्टा या गावापर्यंत तिची लांबी जेमतेम 13 किलोमीटर भरते. उन्हाळ्यात या दरीतील ग्रॅनाइटच्या कड्यांवर प्रस्तरारोहक दोर लावून चढताना दिसतात, आणि भर हिवाळ्यात त्याच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला लोक गोठलेल्या प्रवाहावर आइस ॲक्स ठोकत वर सरकत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे एकाच खेळाचे दोन ऋतू वाटतात. प्रत्यक्षात दोन्हींमध्ये दोर आणि हार्नेस, म्हणजे दोर बांधण्यासाठी कमरेला व मांड्यांना घालायचा पट्टा, सोडले तर समान असे फारच थोडे आहे, कारण खडक आणि बर्फ हे पदार्थ म्हणून अगदी निराळे वागतात, आणि आरोहणाचे सारे तंत्र शेवटी पदार्थाच्या वागण्यातून ठरते.

एकाच दरीत दोन्ही गोष्टी कशा सापडतात, याचे उत्तर दरीच्या दिशेत आहे. लिटल कॉटनवुड साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. हे ठिकाण साडेचाळीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फार तर 26 अंश वर येतो, आणि तोही दक्षिणेकडून. त्यामुळे दरीच्या उत्तरेकडील भिंतीला थेट ऊन मिळते, तर दक्षिणेकडील भिंत आठवडेच्या आठवडे स्वतःच्याच सावलीत राहते. उन्हाच्या बाजूचा खडक लवकर वाळतो, म्हणून बहुतेक प्रसिद्ध प्रस्तरमार्ग त्या बाजूला आहेत. सावलीच्या बाजूला झिरपणारे पाणी गोठते आणि गोठलेलेच राहते. या दरीतील सर्वांत परिचित हिममार्ग, ‘ग्रेट व्हाइट आयसिकल’, याच बाजूला आहे आणि रस्त्यावरून सहज दिसतो.

आधी खडकाकडे पाहू. येथील दगडाला सगळे ग्रॅनाइट म्हणतात, मात्र भूवैज्ञानिक त्याला क्वार्ट्झ मॉन्झोनाइट या नावाने ओळखतात. आरोहकाच्या दृष्टीने हा फरक नगण्य आहे. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाखाली काही किलोमीटर खोलीवर शिलारस हळूहळू थंड झाला आणि त्याचे खनिज कण नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतके मोठे झाले. पुढे वॉसॅच प्रस्तरभंगावर, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगेवर, डोंगर वर उचलला गेला, वरचे थर झिजून गेले आणि हा दगड उघडा पडला. शेवटच्या हिमयुगात या दरीतून एक हिमनदी थेट मुखापर्यंत वाहत होती. तिने दोन्ही भिंती खरवडून काढल्या आणि दरीचा छेद इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा केला. उत्तरेकडच्या बिग कॉटनवुड दरीत हिमनदी मुखापर्यंत पोहोचली नाही, म्हणून तिचा खालचा भाग आजही नदीने कोरलेल्या अरुंद ‘व्ही’सारखा आहे, एका दरीतून दुसरीत गेले की हा फरक भूगोलाचे पुस्तक न उघडताही लक्षात येतो.

या दगडाची कीर्ती आरोहकांच्या आधी पाथरवटांनी पसरवली. सॉल्ट लेक सिटीतील मॉर्मन पंथाच्या मुख्य मंदिराचे काम 1853 साली सुरू झाले आणि 1893 साली पूर्ण झाले. त्याचा दगड याच दरीच्या तळाशी पडलेले प्रचंड शिलाखंड फोडून मिळवला गेला, आणि आरंभीच्या वर्षांत तो बैलगाड्यांतून शहरात नेला जाई. त्या काळी पाडलेल्या भोकांच्या रांगा काही शिलाखंडांवर अजूनही दिसतात. आरोहणाचा काळ त्यानंतर बराच उशिरा, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आला. शहरातील तरुणांच्या ‘आल्पेनबॉक’ या क्लबने 1960च्या दशकात येथील अनेक मार्ग प्रथम चढले. त्या मंडळींतील टेड विल्सन पुढे 1976 ते 1985 या काळात सॉल्ट लेक सिटीचे महापौर झाले.

येथील ग्रॅनाइटवर चढण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार स्लॅबचा, म्हणजे उभ्या भिंतीपेक्षा कमी कलाच्या, गुळगुळीत भासणाऱ्या पाषाणफलकाचा. येथे धरायला कंगोरा नसतो आणि पाय ठेवायला खाच नसते. असते ते फक्त घर्षण. घर्षणाचा साधा नियम असा, की पृष्ठभागाचा कल जितका जास्त, तितका वजनाचा खडकाला दाबणारा भाग कमी होतो आणि खाली खेचणारा भाग वाढतो. पंचेचाळीस अंशांवर हे दोन्ही समसमान होतात. आरोहणाच्या बुटांचा तळ अतिशय मऊ रबराचा असतो, आणि ते रबर ग्रॅनाइटच्या खरखरीत कणांमध्ये रुतून बसत असल्यामुळे त्याहून अधिक कलावरही पाय टिकतो. नवशिक्या भीतीने खडकाला बिलगतो आणि नेमका त्यामुळेच घसरतो: अंग खडकावर टेकल्यावर शरीराचा काही भार हातांवर आणि गुडघ्यांवर जातो, त्या जागी रबर नसते, आणि जिथे रबर आहे तिथला दाब घटतो. सराईत आरोहक कंबर खडकापासून दूर ठेवतो, टाचा खाली सोडतो, जेणेकरून रबराचा जास्तीत जास्त पृष्ठभाग दगडाला भिडेल, आणि लहान लहान पावले टाकतो. मला वाटते, स्लॅबवर ताकदीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो, आणि व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांचा गर्व उतरवायला याहून चांगली जागा नाही. थंड हवेत बोटांना घाम कमी येतो आणि पकड चांगली बसते, म्हणून जाणकार लोक कठीण स्लॅबसाठी कडक उन्हाच्या दुपारऐवजी वसंत किंवा शरद ऋतूतील दिवस निवडतात.

दुसरा प्रकार भेगांचा. शिलारस थंड होताना आकसला, आणि वरचा भार नाहीसा झाल्यावर दगड बाहेरच्या बाजूने पाकळ्यांसारखा सुटत गेला; या दोन्ही क्रियांमुळे ग्रॅनाइटमध्ये लांबच लांब भेगा पडतात. भेगेत चढताना तिची कड धरण्यापेक्षा हाताचा पंजा आत घालून अंगठा तळव्याकडे दुमडला जातो, म्हणजे पंजा फुगतो आणि भेगेत घट्ट अडकतो. याला जॅमिंग म्हणतात. भेग बोटाएवढी असेल तर बोटे, मुठीएवढी असेल तर मूठ, आणि त्याहून रुंद असेल तर कोपरापासून खांद्यापर्यंत सगळे काही वापरावे लागते. मुठीपेक्षा रुंद पण शरीर आत शिरणार नाही अशा भेगा सर्वांत त्रासदायक असतात आणि त्यांची आवड असणारे लोक थोडे असतात.

भेगांचा आणखी मोठा उपयोग सुरक्षेसाठी होतो. आघाडीचा आरोहक वर जाताना ठरावीक अंतराने भेगेत साधने बसवतो आणि त्यांतून दोर ओवत जातो. या साधनांपैकी सर्वांत हुशार म्हणजे कॅम, ज्याला जुने आरोहक ‘फ्रेंड’ म्हणतात, कारण अमेरिकन आरोहक रे जार्डिन यांनी घडवलेले हे साधन 1978 साली त्याच नावाने बाजारात आले. त्यापूर्वी काही वर्षे, वॉसॅचच्याच पायथ्याशी असलेल्या ऑग्डन शहरातील ग्रेग लोव यांनी या तत्त्वावरचे साधन तयार केले होते. कॅममध्ये स्प्रिंगवर फिरणारे, वक्राकार कडेचे तीन-चार धातूचे तुकडे असतात. त्यांच्या कडेचा वक्र एका विशिष्ट सर्पिलाकाराचा असतो, त्यामुळे भेग अरुंद असो वा थोडी रुंद, धातू खडकाला सुमारे 14 अंशांच्या एकाच कोनात टेकतो. खाली ओढ बसली की हे तुकडे बाहेरच्या बाजूला फाकतात आणि भेगेच्या प्रत्येक भिंतीवर त्या ओढीच्या जवळपास दुप्पट जोराने दाबले जातात. म्हणजे पडणाऱ्या आरोहकाचे वजनच साधनाला अधिक घट्ट बसवते. ही सगळी किमया धातू आणि दगड यांच्यातील घर्षणावर उभी आहे, हे मात्र विसरून चालत नाही. भेगेच्या आत बर्फाचा पातळ थर असेल तर घर्षण इतके कमी होते, की उत्तम दिसणारा कॅमही सरळ निसटून येऊ शकतो. हिवाळ्यात खडकाची साधने बर्फाळ भेगेत वापरताना याचा विचार आधी करावा लागतो.

दोराविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण दोर तुटेल का, ही सामान्य माणसाची पहिली शंका असते आणि ती बहुधा चुकीच्या जागी असते. आरोहणाचा दोर ताणला जाणारा असतो. तो पडणाऱ्या माणसाला एकदम न थांबवता लांबत लांबत थांबवतो, आणि त्यामुळे शरीराला व साधनांना बसणारा हिसका कमी होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी दोराच्या चाचणीत 80 किलो वजन अत्यंत कठोर पद्धतीने पाडले जाते, आणि पहिल्या पडझडीतील हिसका 12 किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने 1,200 किलो भारापेक्षा, जास्त असून चालत नाही. हिसका किती बसेल हे माणूस किती मीटर पडला यावर अवलंबून नसून, पडण्याचे अंतर आणि ते झेलणाऱ्या दोराची लांबी यांच्या गुणोत्तरावर असते. खालून दोर सांभाळणारा, म्हणजे बिले देणारा, साथीदार कड्यावरच्या अँकरला, म्हणजे खडकात पक्क्या बसवलेल्या आधाराला, बांधलेला आहे आणि त्याच्यावर 5 मीटर गेलेला आरोहक मध्ये एकही साधन न लावता पडला, तर तो 10 मीटर पडतो आणि त्याला झेलायला 5 मीटरच दोर असतो. हे गुणोत्तर 2, म्हणजे सर्वांत वाईट. तोच आरोहक 20 मीटर दोर बाहेर असताना शेवटच्या साधनाच्या 2 मीटर वरून पडला, तर तो 4 मीटर पडतो आणि गुणोत्तर 0.2 एवढेच येते. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या, आरोहकांच्या भाषेत पिचच्या, सुरुवातीलाच पहिले साधन लवकर लावण्याचा आग्रह धरला जातो.

स्लॅबवर भेगा नसतात, त्यामुळे तेथे खडकात भोक पाडून बोल्ट बसवावे लागतात. जुन्या काळी हे बोल्ट हाताने हातोडी मारून, चढता चढताच, एका पायाच्या पंजावर तोल सांभाळत बसवले गेले. असे एक भोक पाडायला बराच वेळ लागत असल्यामुळे बोल्ट फार थोडे लागले, आणि दोन बोल्टांमधील अंतर आजच्या पाहुण्याच्या पोटात गोळा आणणारे असते. येथील मार्गांच्या श्रेणी ‘कडक’ असल्याची जी ख्याती आहे, तिचे एक कारण हेही आहे. श्रेणी म्हणजे अवघडपणाचा अंक. अमेरिकेत ती 5.0 पासून सुरू होऊन 5.15 पर्यंत जाते आणि 5.10 पासून पुढे प्रत्येक अंकाचे ए ते डी असे उपविभाग पडतात. हा अंक मुख्यतः हालचाल किती कठीण आहे एवढेच सांगतो. पडल्यास काय होईल याबद्दल तो गप्प असतो. सोप्या श्रेणीचा पण विरळ बोल्टांचा मार्ग हा कठीण पण भरपूर बोल्टांच्या मार्गापेक्षा पुष्कळ धोकादायक असू शकतो.

शेजारच्या दऱ्यांचा ओझरता उल्लेख पुरे. बिग कॉटनवुडमध्ये क्वार्ट्झाइट आहे, तो ग्रॅनाइटच्या कितीतरी आधीचा, प्राचीन सागरकिनाऱ्यावरील वाळूपासून बनलेला. त्यावर आडवे कंगोरे मिळतात. दक्षिणेकडील अमेरिकन फोर्क दरीत चुनखडक असून 1980च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे बोल्ट लावलेले कठीण मार्ग झाले. त्याहून दक्षिणेची प्रोव्हो दरी मात्र बर्फासाठी ओळखली जाते, आणि तेथील ‘स्टेअरवे टू हेवन’ हा टप्प्याटप्प्यांनी चढत जाणारा हिममार्ग वॉसॅचमध्ये प्रसिद्ध आहे.

आता बर्फ. आकाशातून पडणारे हिम आणि आरोहकाला हवा असलेला घट्ट बर्फ यांत मोठे अंतर आहे. चढण्याजोगा बर्फ पाणी वाहता वाहता गोठून तयार होतो. एक किलो पाणी शून्य अंशावर गोठताना सुमारे 334 किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. तेवढ्या उष्णतेने तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापले असते. ही उष्णता हवेने काढून घेतली तरच बर्फ वाढतो. म्हणून मोठा, वेगवान धबधबा सहजासहजी गोठत नाही, आणि कड्यावरून संथपणे पसरत उतरणारा पाण्याचा पातळ पापुद्रा मात्र थरावर थर चढवत जातो. उलट, थंडी फारच कडक पडली तर वरचा झराच गोठतो, पाणी बंद होते आणि वाढ थांबते. दिवसा किंचित वितळावे आणि रात्री पुन्हा गोठावे, असे काही आठवडे लाभले की मार्ग चांगला जाड होतो. ग्रॅनाइटवरची वाट वर्षानुवर्षे तशीच राहते. हिममार्ग मात्र दरवर्षी नव्याने तयार होतो, मागच्या वर्षीपेक्षा वेगळ्या आकाराने, आणि एखाद्या वर्षी होतच नाही. त्यामुळे ‘हा मार्ग मी चढलो आहे’ या वाक्याला बर्फाच्या बाबतीत मर्यादित अर्थ आहे.

बर्फाचे तापमान हा सगळ्यात महत्त्वाचा घटक होय. शून्याच्या थोड्या खाली असलेला बर्फ काहीसा लवचिक असतो, ॲक्सचे टोक त्यात एका घावात रुतते आणि आजूबाजूचा भाग फुटत नाही. कडाक्याच्या थंडीत तोच बर्फ ठिसूळ होतो. घाव घातला की थाळीएवढी चकती सुटून आरोहकाच्या तोंडावर किंवा खालच्या साथीदाराच्या डोक्यावर येते. तापमान शून्याच्या वर गेले की टोक सहज घुसते, आणि नेमक्या याच वेळी धोका सर्वाधिक असतो, कारण बर्फ आणि मागचा खडक यांच्यातील सांधा सुटू लागलेला असतो. ऊनही असेच फसवते. पारदर्शक, पातळ बर्फातून प्रकाश आरपार जातो, मागचा गडद खडक तापतो आणि बर्फ आतल्या बाजूने वितळतो. समोरून पाहताना काहीच बदललेले दिसत नाही. कड्यापासून सुटे उभे असलेल्या बर्फाच्या खांबांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तापमान घटल्यावर बर्फ ग्रॅनाइटपेक्षा पाच-सहा पटींनी अधिक आकसतो. वर खडकाला आणि खाली जमिनीला चिकटलेला खांब थंडीची एकाएकी लाट आली की आतून ताणला जातो, आणि अशा अवस्थेत त्यावर मारलेला घाव अख्खा खांब आडवा चिरण्यास पुरेसा ठरू शकतो. सर्वसाधारणपणे निळसर बर्फ दाट आणि भरवशाचा, पांढरा हवेचे बुडबुडे असलेला, आणि बारीक लोलकांच्या झुंबरासारखा दिसणारा बर्फ साधने न धरणारा, असे म्हणता येईल. पण रंगावरून काढलेला अंदाज घाव घालून पडताळावाच लागतो.

या पदार्थावर चढण्यासाठीची हत्यारे ओळखीची झाली त्याला फार काळ लोटलेला नाही. बुटाला बांधायच्या काटेरी क्रॅम्पॉनला पुढे आलेले दोन दात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. ते दात बर्फात रोवून टाचा खाली ठेवून उभे राहता येते. 1960च्या दशकात अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन श्विनार्ड यांनी ॲक्सच्या सरळ टोकाला खालच्या बाजूस वाक दिला. सरळ टोक ओढल्यावर निसटत असे. वाकलेले टोक हात फिरतो त्या वर्तुळाकार मार्गानेच आत जाते आणि ओढले की अडकून राहते. दोन हातांत अशी दोन हत्यारे आल्यावर उभा बर्फ आवाक्यात आला. 1974 साली ऑग्डनचेच जेफ लोव आणि माइक वाइस यांनी कोलोरॅडोतील टेल्युराइडजवळचा गोठलेला ‘ब्रायडल व्हेल फॉल्स’ चढून काय शक्य आहे याची कल्पनाच बदलली. (प्रोव्हो दरीतही याच नावाचा धबधबा आहे, दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते.) जेफ यांचा जन्म 1950 सालचा, आणि 2018 साली ते निवर्तले. हिममार्गांची श्रेणी ‘डब्ल्यूआय’ (वॉटर आइस, म्हणजे पाणी गोठून झालेला बर्फ) या अक्षरांपुढे 1 ते 7 असा अंक लिहून दाखवतात. तिसऱ्या श्रेणीत तीव्र चढ असतो पण विश्रांतीच्या जागा मिळतात, चौथीत जवळजवळ उभे पट्टे येतात आणि पाचवीत ते लांबलचक होतात. ‘ग्रेट व्हाइट आयसिकल’ साधारण तिसऱ्या श्रेणीचा, अनेक पिचचा मार्ग आहे.

तंत्राचे सार कमीत कमी घावांत आहे. ॲक्स फुगीर भागावर मारली तर बर्फ फुटतो, दोन फुगवट्यांमधल्या खळग्यात मारली तर बसतो, म्हणून नजर सतत खळगे शोधत असते. एक ॲक्स डोक्याच्या वर रोवायची, दोन्ही पाय तिच्या खाली थोडे फाकून समान उंचीवर आणायचे, मग उभे राहून दुसरी ॲक्स मारायची. हातांनी ओढत गेलेला माणूस थोड्याच वेळात बोटांतली शक्ती गमावतो, आणि थंडीत ती लवकर परत येत नाही.

सुरक्षेसाठी बर्फात पोकळ नळीसारखे, टोकाला दाते असलेले आइस स्क्रू फिरवून बसवतात. त्यांची लांबी साधारण 10 ते 22 सेंटिमीटर असते. चांगल्या बर्फात बसवलेला स्क्रू आश्चर्य वाटावे इतका भार पेलतो. पण बर्फ चांगला आहे की नाही हे स्क्रू फिरवताना हाताला लागणाऱ्या रोधावरून आणि नळीतून बाहेर पडणाऱ्या चुऱ्यावरून ओळखायचे असते, तेही एका हाताने ॲक्सला लोंबकळत असताना. शिवाय पडताना क्रॅम्पॉनचा एखादा दात जरी बर्फात अडकला तरी घोटा मोडतो. या दोन कारणांमुळे बर्फावर आघाडीच्या आरोहकाने पडायचेच नाही, असा जुना दंडक आहे. बोल्ट लावलेल्या खडकावर सरावासाठी दिवसभर पडत राहणारी पिढी या दंडकाला जुनाट म्हणते. माझ्या मते तो अजिबात जुनाट नाही, आणि उत्तम स्क्रू आले म्हणून तो सैल करण्याचे कारण दिसत नाही.

उतरण्याची युक्ती मात्र सुरेख आहे. लांब स्क्रूने बर्फात तिरकी दोन भोके अशी पाडायची की ती आत एकमेकांना मिळतील, त्यांतून दोरीचा तुकडा ओवून गाठ मारायची, आणि त्या फासातून मुख्य दोर घालून रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून नियंत्रितपणे सरकत, उतरायचे. सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मागे राहतो तो दोरीचा छोटा तुकडा, स्क्रू सगळे परत येतात.

या दरीतला सर्वांत मोठा धोका मात्र ना खडकाचा, ना बर्फाचा. तो हिमाचा आहे. ज्या घळीत उन्हाळ्यात पाणी एकवटते आणि थंडीत बर्फ जमतो, त्याच घळीत वरच्या उतारावरचे सैल हिमही एकवटते. म्हणजे हिममार्ग हा पुष्कळदा हिमप्रपाताचा मार्गही असतो. आल्टा येथे एका हंगामात सरासरी सुमारे 13 मीटर हिम पडते. 2022-23च्या हंगामात तर 903 इंच, म्हणजे जवळपास 23 मीटर, नोंदले गेले. दरीतला एकमेव रस्ता 60हून अधिक हिमप्रपात-मार्गांना छेदून जातो. वादळानंतर रस्ता बंद करून हिम मुद्दाम पाडले जाते, आणि यासाठी अनेक दशके लष्करी तोफा वापरल्या गेल्या. अशा वेळी आल्टातील लोकांना इमारतीबाहेर पाऊल टाकण्यास कायद्याने मनाई असते. त्या अवस्थेला तेथे ‘इंटरलॉज’ म्हणतात. युटा अव्हलान्च सेंटर हिवाळ्यात दररोज हिमप्रपाताचा अंदाज प्रसिद्ध करते. स्वतःच्या मार्गावर बर्फ पक्का आहे एवढे पाहून निघालेला, पण त्या मार्गाच्या 500 मीटर वर रात्री वाऱ्याने किती हिम साठवले हे न पाहिलेला आरोहक अर्धीच माहिती घेऊन निघालेला असतो. शहर इतके जवळ असल्यामुळे हा निष्काळजीपणा येथे अधिक घडण्याजोगा आहे: कामावरून सुटून संध्याकाळी दोन पिच चढून यावे असा बेत होतो, अंधार पाच-साडेपाचलाच पडतो, आणि सुटीच्या दिवशी तर एकाच घळीत तीन-चार जोड्या एकाखाली एक असतात. वरच्याने सोडवलेला प्रत्येक बर्फाचा तुकडा खालच्याकडे येतो. म्हणून वर कोणी असेल तर सरळ खाली थांबू नये, आणि बिले देणाऱ्याने बाजूला, एखाद्या कड्याच्या आडोशाला उभे राहावे.

शेवटी दरीच्या नियमांबद्दल, कारण तेही या पाण्यातूनच आले आहेत. लिटल आणि बिग कॉटनवुड या दऱ्यांचे ओढे सॉल्ट लेक सिटीला पिण्याचे पाणी पुरवतात. त्यामुळे दोन्ही दऱ्यांत कुत्रे नेता येत नाही, अगदी मोटारीतसुद्धा, आणि ओढ्यात पोहण्यास मनाई आहे. दरीच्या दक्षिणेकडील बराच भाग 1978 साली ‘लोन पीक’ संरक्षित वनक्षेत्रात आला, आणि अशा क्षेत्रात कायद्याने यंत्रे वापरता येत नाहीत. तेथे बोल्ट बसवायचा तर आजही हातानेच भोक पाडावे लागते. रस्त्यालगतचे ‘गेट बट्रेस’ हे प्रस्तरारोहणाचे मुख्य ठिकाण ज्या जमिनीवर आहे, ती मॉर्मन चर्चच्या मालकीची आहे. तेथील चढाई वर्षानुवर्षे नुसत्या मूक संमतीवर चालली होती. 2017 साली आरोहकांच्या संघटनांनी सुमारे 140 एकरांचा रीतसर भाडेकरार केला, आणि तेव्हापासून पायवाटा व जुने बोल्ट यांच्या देखभालीला अधिकृत आधार मिळाला.

त्यानंतरचा वाद रस्त्याचा आहे. आल्टा आणि स्नोबर्ड या स्की केंद्रांकडे जाणाऱ्या मोटारींची हिवाळ्यात एवढी रांग लागते, की 2023च्या जुलैमध्ये युटाच्या परिवहन विभागाने टप्प्याटप्प्याची योजना मंजूर केली: आधी वाढीव बससेवा, पथकर आणि हिमप्रपातापासून रस्ता वाचवणारे बोगदेवजा छत, आणि त्यानंतर मुखापासून आल्टापर्यंत सुमारे 13 किलोमीटरचा गोंडोला, म्हणजे मनोऱ्यांवरच्या तारांवरून पाळणे नेणारा रोपवे. या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दावे दाखल झाले. आरोहकांचा आक्षेप दुहेरी होता, कारण विचारात असलेला दुसरा पर्याय म्हणजे रस्ता रुंद करणे, हाही त्यांना मान्य नव्हता. दोराविना, खाली गादी टाकून ज्यांवर चढतात ते शिलाखंड, म्हणजे पाथरवटांनी मंदिरासाठी फोडले त्यांचेच भाऊबंद, बहुतांशी रस्त्याच्या कडेला आणि पार्किंगच्या आसपास विखुरलेले आहेत; रुंदीकरण झाले काय किंवा मनोऱ्यांचे पाये खणले गेले काय, पहिला घाव त्यांवरच बसेल.